'अल्पशक्ती' या विशेषणाची चिकित्सा : एकात्मिक परिपथांतील तापमान संवेदकांविषयीच्या संशोधनलेखनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

एकात्मिक परिपथात, म्हणजेच सर्वसामान्य व्यवहारात ज्याला चिप म्हटले जाते त्यात, तापमान मोजणारा संवेदक बसविण्याची गरज अनेक कारणांनी निर्माण होते. संगणकाचा प्रोसेसर तापू लागला की त्याचा वेग कमी करावा लागतो. घड्याळाची स्पंदने देणाऱ्या आंदोलकाची वारंवारता तापमानानुसार सरकते, तिची दुरुस्ती करावी लागते. लसी किंवा नाशवंत अन्न यांच्या खोक्यावर लावलेल्या बिनतारी टॅगला प्रवासातील तापमानाची नोंद ठेवावी लागते. यांपैकी शेवटच्या प्रकारात विजेचा पुरवठा फारच तुटपुंजा असतो. त्यामुळे गेल्या तीन दशकांत या विषयावरील संशोधनलेखनात 'अल्पशक्ती' हे विशेषण चांगलेच रुळले आहे. ते इतके रुळले आहे की, मूळचे वर्णन बाजूला पडून ते एक प्रशस्तिपत्र होऊन बसले आहे. साहित्यसमीक्षेत 'वास्तववादी' या विशेषणाचा वापर कधी वर्णनासाठी तर कधी गौरवासाठी होतो आणि दोहोंतील सीमारेषा पुसट होते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखात या विशेषणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी १९९६ ते २०१८ या काळातील काही महत्त्वाचे शोधनिबंध आणि एक ग्रंथ आधारभूत मानला आहे. संवेदकाला किती शक्ती लागते हा प्रश्न गैर नाही. परंतु तो एकटा विचारला असता त्याचे उत्तर दिशाभूल करते, आणि ही दिशाभूल आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांच्या मूल्यमापनापर्यंत पोहोचली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संवेदकाचे मूळ तत्त्व :

विषय इतर विद्याशाखांतील वाचकांनाही स्पष्ट व्हावा म्हणून मूळ तत्त्व थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बायपोलर ट्रान्झिस्टरमधून ठरावीक प्रवाह सोडला असता त्याच्या बेस व एमिटर या दोन टोकांमधील व्होल्टेज तापमान वाढेल तसे घटते. ही घट दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्ट इतकी असते. एकाच ट्रान्झिस्टरमधून एकास पाच अशा प्रमाणात दोन वेगवेगळे प्रवाह सोडले आणि मिळणाऱ्या दोन व्होल्टेजमधील फरक घेतला, तर तो फरक मात्र निरपेक्ष तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढतो. एक राशी घटते, दुसरी वाढते. दुसरीला योग्य गुणकाने गुणून पहिलीत मिळविले की सुमारे १.२ व्होल्टचा, तापमानाने फारसा न बदलणारा संदर्भ हाती येतो. मग वाढती राशी या संदर्भाच्या तुलनेत किती आहे एवढेच मोजावयाचे असते. म्हणजे मोजपट्टी आणि मोजावयाची वस्तू दोन्ही एकाच चिपवर तयार होतात.

अडचण आहे ती आकड्यांच्या सूक्ष्मतेत. एकास पाच या प्रमाणात वाढत्या राशीचा बदल दर अंशाला सुमारे ०.१४ मिलिव्होल्ट इतकाच असतो. ०.१ अंशाची अचूकता हवी असेल तर सुमारे १४ मायक्रोव्होल्टची चूकसुद्धा परवडत नाही. साध्या सीमॉस विवर्धकाची अंगभूत विचलन-व्होल्टता मात्र काही मिलिव्होल्ट, म्हणजे या मर्यादेच्या शंभर पटींहूनही अधिक असू शकते. अशा परिपथाची रचना करणे हे हलत्या तराजूत गुंज तोलण्यासारखे आहे. त्यावर शोधलेले उपायही तराजूच्याच जातीचे आहेत. पारड्यांची पुनःपुन्हा अदलाबदल करून सरासरी घेतली की तराजूचा दोष दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो व सरासरीत नाहीसा होतो. परिपथातील घटकांची अशीच आलटून पालटून योजना करणे आणि विवर्धकाच्या आदान-प्रदान टोकांची ठरावीक गतीने अदलाबदल करणे, या तंत्रांवर सर्व अचूक संवेदक उभे आहेत.

मिखिल पर्टिज आणि योहान हाउसिंग यांचा सीमॉस तंत्रज्ञानातील अचूक तापमान संवेदकांवरील ग्रंथ २००६ मध्ये स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रशास्त्र विद्यापीठात झालेल्या संशोधनावर तो आधारलेला आहे. या ग्रंथाचे मोठेपण नव्या परिपथाच्या आकृतीत तितकेसे नाही. ते त्याच्या क्रमात आहे. आधी ट्रान्झिस्टरचे भौतिकशास्त्र, मग मोजण्याचे तत्त्व, मग अंकीकरण, मग अचूकतेची तंत्रे, मग अंशशोधन, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष चिप अशी त्याची मांडणी आहे. अंशशोधन, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन म्हटले जाते, त्याला येथे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अन्यत्र तो विषय बहुधा 'मोजमापाचे निष्कर्ष' या विभागातील एका वाक्यात उरकला जातो. ग्रंथ सोपा नाही. अनेक ठिकाणी तो त्रुटींच्या हिशेबाची वही वाटतो. पण तेच त्याचे बलस्थान आहे. एकूण चूक ०.१ अंशाची हवी असेल तर कोणत्या घटकाला किती चूक 'खर्च' करण्याची मुभा आहे, याचे अंदाजपत्रक तो आधी मांडतो आणि परिपथ नंतर काढतो.

शीर्षकांचे वाचन :

शोधनिबंधाचे शीर्षक हे लेखकाच्या मूल्यकल्पनेचे सर्वांत प्रामाणिक निदर्शक असते. बाकर आणि हाउसिंग यांच्या १९९६ च्या निबंधाच्या शीर्षकात 'मायक्रोपॉवर' हा शब्द आहे. पर्टिज, मॅकिन्वा आणि हाउसिंग यांच्या २००५ च्या निबंधाच्या शीर्षकात शक्तीचा उल्लेखच नाही. तेथे उणे ५५ ते १२५ अंश या संपूर्ण कक्षेत ±०.१ अंश ही त्रुटीची मर्यादा आहे. सौरी, चे आणि मॅकिन्वा यांच्या २०१३ च्या निबंधाच्या शीर्षकात ±०.१५ अंशाबरोबर ती त्रुटी कोणत्या प्रकारच्या अंशशोधनानंतर मिळाली हेही सांगितले आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या गटाच्या २०१४ च्या निबंधाचे शीर्षक मात्र ७१ नॅनोवॉट हा आकडा पुढे ठेवते. आणि २०१८ मध्ये डेल्फ्टमधूनच आलेल्या, रोधकावर आधारित संवेदकाविषयीच्या निबंधाच्या शीर्षकात ना शक्ती आहे ना अचूकता, तेथे ०.१३ पिकोज्यूल-केल्विन वर्ग इतका 'गुणवत्तांक' आहे.

शीर्षकात थेट गुणवत्तांकच यावा, ही बाब विचार करण्याजोगी आहे. धावपटूने आपण किती अंतर धावलो हे न सांगता केवळ गुणतालिकेतील स्थान सांगावे, तसे हे झाले. या निबंधाची बाजू अर्थातच भक्कम आहे. तो संवेदक वारंवारता-संदर्भाच्या तापमान दुरुस्तीसाठी आहे. तेथे सूक्ष्मात सूक्ष्म बदल टिपण्याची क्षमता हीच मुख्य गरज असते आणि गुणवत्तांक नेमकी तीच मोजतो. प्रश्न त्या निबंधाचा नाही. तो आकडा तक्त्यात उचलून घेऊन सर्वच संवेदकांना त्याने तोलणाऱ्या नंतरच्या लेखनाचा आहे.

तीन मापे, तीन क्रम :

हा गुणवत्तांक म्हणजे एका मोजणीसाठी लागणारी ऊर्जा गुणिले विभेदनाचा वर्ग. विभेदन म्हणजे संवेदक तापमानातील किती लहान फरक ओळखू शकतो ते. आकडा जितका लहान तितका संवेदक सरस. या सूत्रामागे ठोस भौतिक कारण आहे. औष्णिक गोंगाट निम्म्यावर आणावयाचा असेल तर चौपट ऊर्जा खर्चावी लागते, म्हणून ऊर्जा व विभेदनाचा वर्ग यांचा गुणाकार हा रचनेच्या कार्यक्षमतेचा रास्त निकष ठरतो. डेल्फ्टचे कोफी मॅकिन्वा यांनी संवेदकांच्या सर्वेक्षणात तो रूढ केला. त्यांनीच सापेक्ष त्रुटी हे दुसरे मापही वापरले, ही गोष्ट त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी व त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी सारखीच विसरू नये. सापेक्ष त्रुटी म्हणजे किमान ते कमाल चुकीचा पल्ला भागिले तापमानाची कक्षा, टक्केवारीत.

आता वर उल्लेखिलेल्या तीन संवेदकांना तीन मापांनी मोजून पाहावे. २००५ चा डेल्फ्टचा संवेदक ७५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो, २.५ व्होल्टवर ही शक्ती सुमारे १८८ मायक्रोवॉट होते. तो सेकंदाला १० मोजण्या करतो आणि त्याचे विभेदन ०.०१ अंश आहे. २०१३ च्या संवेदकाला सुमारे ५.१ मायक्रोवॉट लागतात, मोजणीला ५.३ मिलिसेकंद, आणि विभेदन ०.०२ अंश. मिशिगनच्या संवेदकाला ७१ नॅनोवॉट लागतात, मोजणीला ३० मिलिसेकंद, विभेदन ०.३ अंश, आणि दोन तापमानांवर अंशशोधन केल्यानंतर ० ते १०० अंश या कक्षेत त्याची त्रुटी +१.५ ते −१.४ अंश राहते.

शक्तीने क्रम लावला तर मिशिगनचा संवेदक निर्विवाद पहिला; २०१३ चा त्याच्या सुमारे ७२ पट शक्ती खातो आणि २००५ चा तर अडीच हजार पटींहून अधिक. गुणवत्तांकाने क्रम लावला तर चित्र बदलते. २०१३ च्या संवेदकाचा आकडा सुमारे ११ पिकोज्यूल-केल्विन वर्ग, मिशिगनचा सुमारे २००, आणि २००५ चा सुमारे १,९००. म्हणजे ७२ पट शक्ती खाणारा संवेदक येथे अठरा पट सरस ठरतो. सापेक्ष त्रुटीने क्रम लावला तर तिसरेच चित्र समोर येते : २००५ च्या संवेदकाची ०.११ टक्के, २०१३ च्या संवेदकाची ०.१७ टक्के, मिशिगनच्या संवेदकाची २.९ टक्के. गुणवत्तांकाने सर्वांत मागे पडलेला संवेदक येथे सर्वांत पुढे आहे. तिन्ही क्रम अचूक आहेत आणि तिन्ही एकमेकांशी विसंगत आहेत. ज्या निबंधात यांपैकी एकच स्तंभ ठळक अक्षरांत छापलेला असतो, तेथे लेखकाने निवाडा आधीच दिलेला असतो.

२०१० मध्ये लॉ, बर्माक व लुआँग यांनी अन्नाच्या देखरेखीच्या टॅगसाठी केलेला संवेदक येथे सहज आठवतो. त्याची शक्ती ११९ नॅनोवॉट आणि कक्षा अवघी उणे १० ते ३० अंश. सापेक्ष त्रुटीच्या मापाने तो मागे पडतो, कारण भाजकच लहान. पण दूध किंवा मासळी १२५ अंशांवर कोणी पाठवीत नाही. कक्षा लहान ठेवणे हा तेथे उणेपणा नसून विवेक आहे. तात्पर्य, सापेक्ष त्रुटी हे मापही डोळे झाकून वापरण्याजोगे नाही.

विद्युतघटाचा हिशेब :

'अल्पशक्ती' या शब्दाची खरी कसोटी विद्युतघटाशेजारी ठेवूनच लागते. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतात तो २०३२ क्रमांकाचा लिथियमचा नाणेघट सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास क्षमतेचा असतो. ३ व्होल्टला ही ऊर्जा सुमारे २,४०० ज्यूल होते. लसीच्या खोक्यातील टॅगने मिनिटाला एक मोजणी केली तर वर्षाला ५,२५,६०० मोजण्या होतात. मिशिगनच्या संवेदकाला मोजणीमागे २.२ नॅनोज्यूल लागतात, वर्षाला १.२ मिलिज्यूल. २०१३ च्या संवेदकाला मोजणीमागे २७ नॅनोज्यूल. वर्षाला सुमारे १४ मिलिज्यूल. दोहोंतील फरक २,४०० ज्यूलच्या साठ्यापुढे नगण्य आहे. अधिक बोलके उदाहरण २००५ च्या 'उधळ्या' संवेदकाचे आहे. मोजणीमागे सुमारे १९ मायक्रोज्यूल धरले तरी त्याचा वर्षाचा खर्च १० ज्यूलच्या आतबाहेर येतो, म्हणजे साठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. असा घट नुसता पडून राहिला तरी वर्षाला साधारण एक टक्का ऊर्जा आपोआप गमावतो. ±०.१ अंशाची अचूकता सोडून ±१.५ अंश पत्करावी, इतका मोठा लाभ येथे कोठेही दिसत नाही. लसीची मर्यादा २ ते ८ अंशांची असेल तर दीड अंशाची चूक म्हणजे त्या सहा अंशांच्या पट्ट्याचा पाव हिस्सा.

मात्र या हिशेबाच्या दोन अटी आहेत आणि त्या दडवून ठेवणे अन्यायाचे होईल. पहिली, मोजण्यांच्या मधल्या काळात संवेदक खरोखर बंद असला पाहिजे. बंद अवस्थेतील गळतीचा प्रवाह बहुतेक तक्त्यांत दिलेलाच नसतो. दुसरी, घट मोठा असला पाहिजे. मिलिमीटर आकाराच्या बिनतारी नोडमध्ये समजा २ मायक्रोअँपिअर-तासांचा सूक्ष्म घट असेल, तर एकूण साठा तीसएक मिलिज्यूलचाच होतो. तेथे २००५ चा संवेदक दीड-दोन हजार मोजण्यांतच सारा साठा संपवील, २०१३ चा दोनएक वर्षे टिकेल आणि मिशिगनचा त्याहून कितीतरी अधिक. मिशिगनचा संवेदक अशाच नोडसाठी रचलेला आहे, त्याला बाहेरच्या कोणत्याही संदर्भाची गरज लागत नाही आणि तो प्रत्यक्ष नोडमध्ये बसवून दाखविला आहे. त्याच्या कर्त्यांनी विशेषणाला संदर्भ जोडला आहे. तसेच रेडिओलहरींवर चालणाऱ्या निष्क्रिय टॅगमध्ये साठा नसतोच. तेथे एकूण ऊर्जेपेक्षा क्षणाची शक्ती हीच अडचण ठरते. म्हणून 'अल्पशक्ती' हे विशेषण सरासरी शक्तीविषयी आहे, मोजणीमागील ऊर्जेविषयी आहे की क्षणाच्या शक्तीविषयी, हे लेखकाने सांगितलेच पाहिजे. १९९६ च्या बाकर-हाउसिंग निबंधात हे स्पष्ट आहे : त्यांचे ७ मायक्रोवॉट प्रत्येक मोजणीनंतर पुरवठा तोडून मिळविलेले आहेत.

शक्ती कमी असण्याचा आणखी एक लाभ आहे व तो फारसा उल्लेखिला जात नाही. संवेदक स्वतःच्या उष्णतेने तापतो. लहान वेष्टनाचा औष्णिक रोध वॉटमागे २०० अंश धरला तर १ मिलिवॉट खाणारा संवेदक भोवतालापेक्षा ०.२ अंश अधिक दाखवील. ५ मायक्रोवॉटला ही चूक एक सहस्रांश अंश इतकीच उरते. या अर्थाने काटकसर ही अचूकतेचीच सेवा आहे. पण तो लाभ मायक्रोवॉटपाशी पदरात पडून जातो. नॅनोवॉटपर्यंत उतरल्याने त्यात भर पडत नाही.

अंशशोधनाचा अदृश्य खर्च :

आता या चर्चेतील कळीचा मुद्दा. १९९६, २००५ आणि २०१३ या तीन टप्प्यांकडे शक्तीच्या दृष्टीने पाहिले तर प्रगती दिसत नाही : ७ मायक्रोवॉट, मग १८८, मग ५.१. मधला टप्पा तर परागतीचा वाटतो. अंशशोधनाच्या दृष्टीने पाहिले की हा इतिहास सुसंगत होतो. १९९६ मध्ये प्रत्येक चिप दोन तापमानांवर तपासावी लागे आणि तरी ±१ अंशाची चूक राही. २००५ मध्ये एकाच तापमानावरील तपासणीने ±०.१ अंश साधले. २०१३ मध्ये ज्ञात तापमानाचीही आवश्यकता उरली नाही. बाहेरून दिलेल्या अचूक व्होल्टेजच्या आधारे चिप स्वतःचे तापमान ताडते आणि त्यावरून दुरुस्ती केली जाते.

याला महत्त्व का द्यावे? कारण चिपच्या किमतीचा मोठा भाग तपासणीच्या वेळेत जातो. व्होल्टेज मोजणे हे सेकंदाच्या अंशाचे काम आहे. तापमान स्थिर होण्यास मिनिटे लागतात, दोन तापमाने म्हणजे त्याच्या दुप्पट वेळ. लाखो चिपांच्या उत्पादनात हा फरक संवेदक विकला जाईल की प्रयोगशाळेतच राहील हे ठरवितो. तरीही नॅनोवॉटच्या तक्त्यात या खर्चाला स्तंभ नसतो. असला तर 'दोन बिंदू' एवढे दोन शब्द.

एका बिंदूवर भागते ते बायपोलर ट्रान्झिस्टरच्या एका नैसर्गिक गुणामुळे. उत्पादनातील फरकांमुळे त्याच्या संपृक्त प्रवाहात एक टक्क्याचा फरक पडला, तर व्होल्टेजमध्ये सुमारे पाव मिलिव्होल्टची, म्हणजे ०.१३ अंशाच्या आसपास चूक येते. परंतु ही चूक स्वतःच निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. एका ठिकाणी ती कळली की सर्व ठिकाणी कळते. याउलट नॅनोवॉटच्या रचनांत मॉस ट्रान्झिस्टर उंबरठा-व्होल्टेजच्या खाली चालविला जातो. तेथे उंबरठाही चिपगणिक बदलतो आणि त्याचे तापमानाशी असलेले नातेही बदलते. अज्ञात राशी दोन असल्याने समीकरणेही दोन लागतात. म्हणजे वाचविलेले मायक्रोवॉट कारखान्यातील तपासणी-टेबलावर दुसऱ्या रूपाने वसूल केले जातात. २००५ च्या संवेदकाने नेमका उलट मार्ग पत्करला. त्याने शक्ती सढळ हाताने खर्च केली, पण प्रत्येक त्रुटीचे मूळ शोधले. ती मुळे ज्ञात झाल्यानंतर २०१३ मध्ये शक्ती छत्तीस पटींहून अधिक खाली आली आणि चिपवरील जागा ४.५ चौरस मिलिमीटरवरून ०.०८ वर आली. ०.७ मायक्रॉनऐवजी ०.१६ मायक्रॉनचे तंत्रज्ञान वापरल्याचा त्यात वाटा आहेच. तथापि केवळ तंत्रज्ञान बदलून शक्ती कमी झाली असती तर अचूकता ढळली असती. ती ढळली नाही, हे महत्त्वाचे.

नमुन्यांच्या संख्येचा प्रश्नही याच वर्गातला आहे. 'तीन प्रमाण विचलने' ही मर्यादा पाच चिपांच्या मोजणीवरून काढली तर प्रमाण विचलनाच्या अंदाजातच सुमारे ३५ टक्के अनिश्चितता असते. वीस चिपांवर ती सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरते. संख्याशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाला ही साधी गोष्ट आहे. तरीही पाच-सात चिपांवरून दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत अचूकता सांगितली जाते, आणि त्याच चिपांच्या मोजणीतून काढलेल्या बहुपदीने त्यांचीच वक्रता दुरुस्त करून उरलेली चूक 'संवेदकाची चूक' म्हणून छापली जाते. स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच ती सोडविण्याचा हा प्रकार आहे.

महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात :

ही चर्चा परदेशी शोधपत्रिकांपुरती राहिली असती तर तिला येथे फारसे प्रयोजन नव्हते. परंतु आपल्या अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रबंधांत या विषयाला मोठी मागणी आहे, आणि तेथे हा दोष अधिक ठळक होऊन उतरतो. प्रबंधाचा साचा ठरलेला असतो. संगणकावर परिपथाचे सादृशीकरण करावयाचे, शक्तीचा आकडा काढावयाचा, आणि शेवटच्या प्रकरणातील तक्त्यात तो प्रत्यक्ष चिपवर मोजलेल्या आकड्यांशेजारी ठेवून आपली रचना 'सर्वांत कमी शक्तीची' असल्याचे जाहीर करावयाचे. सादृशीकरणात विवर्धकाची विचलन-व्होल्टता शून्य असते, दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावंडांसारखे तंतोतंत सारखे असतात आणि पुरवठ्याचे व्होल्टेज हलत नाही. हलत्या तराजूचा मूळ प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही. त्यातून उंबरठ्याखालील अवस्थेत प्रवाह व्होल्टेजनुसार घातांकाने बदलत असल्याने प्रतिरूपातील लहानशी चूक निष्कर्षात मोठी होते. नेमक्या ज्या प्रदेशात शक्ती सर्वांत कमी दिसते, त्याच प्रदेशात संगणकावर विश्वास सर्वांत कमी ठेवावयास हवा.

दोष विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही. चिप घडवून घेण्याची सोय नसताना त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि परीक्षक एका आकड्यावर समाधानी होत असेल तर तो दुसरा आकडा का काढील? आता ही परिस्थिती काही प्रमाणात बदलली आहे. केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' या कार्यक्रमाखाली शैक्षणिक संस्थांतील रचना मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानात घडविल्या जाऊ लागल्या आहेत. तापमान संवेदकासाठी हे तंत्रज्ञान जुने म्हणून हिणविण्याचे कारण नाही. मिशिगनचा ७१ नॅनोवॉटचा संवेदक ०.१८ मायक्रॉनचाच होता.

चिप हाती येईपर्यंतसुद्धा प्रबंध अधिक प्रामाणिक करता येतो. उत्पादनातील यादृच्छिक फरक गृहीत धरून शेकडो वेळा सादृशीकरण करता येते. अशा प्रत्येक आभासी चिपचे एका बिंदूवर आणि मग दोन बिंदूंवर अंशशोधन करून उरलेली चूक स्वतंत्रपणे मांडता येते. पुरवठ्यातील एका व्होल्टच्या बदलाने किती अंशांची चूक होते हे सांगता येते. बंद अवस्थेतील गळती सांगता येते. सादृशीकरणातील आकडे आणि मोजलेले आकडे एकाच तक्त्यात न मिसळणे हे तर केवळ रेघ ओढण्याचे काम आहे. मौखिक परीक्षेत 'शक्ती किती?' या प्रश्नापाठोपाठ 'कोणत्या घटासाठी, किती मोजण्यांसाठी आणि किती बिंदूंच्या अंशशोधनानंतर?' एवढे विचारले गेले तरी पुढील वर्षीच्या प्रबंधातील शेवटचा तक्ता वेगळा दिसू लागेल.

चिप आल्यानंतरच्या मोजणीसाठी महागड्या तापकक्षावाचून अडते, असा एक समज आहे. तापकक्षातील हवेचे तापमान सतत डोलत असते, आणि ०.१ अंशाच्या मोजणीत कक्षाने दाखविलेला आकडा तसाही निरुपयोगी असतो. चिप ॲल्युमिनियमच्या जाड ठोकळ्याशी घट्ट भिडवून ठेवणे, त्याच ठोकळ्यात अंशशोधित प्लॅटिनम थर्मामीटर बसविणे आणि ठोकळा सावकाश स्थिरावू देणे, ही अचूक मोजणीची खरी पद्धत आहे. ठोकळ्याचे वस्तुमान डोलणे शोषून घेते. भौतिकशास्त्र विभागाच्या कार्यशाळेत असा ठोकळा एका दुपारात कापून, भोके पाडून मिळतो. थर्मामीटरच्या अंशशोधनाचे प्रमाणपत्र मात्र विकत घ्यावे लागते, आणि विभागाच्या खरेदीच्या यादीत त्याची नोंद संगणक प्रणालीच्या परवान्याच्या आधी व्हावयास हवी.